चार मिलिमीटर

तिसऱ्या बिलाच्या तळाशी खैरनारनं लिहिलंय :
'कातळ फोडणे, जादा. ब्रेकर अडतीस तास.'
खाली सही, कोंबडीनं पाय उमटवल्यासारखी.
माझ्या डायरीत सव्वीस.

चौतीस वर्षं नाशिकरोडला, नोटांच्या छापखान्यात
मी दुसऱ्यांचे पैसे मोजले,
शाई ओली असताना, ते नुसते कागद असताना.
एक कागद कमी भरला
की कुणालाच घरी जाता यायचं नाही.
तिथून आलेला माणूस
बारा तास असे सोडत नाही.

मखमलाबादचे शेजारी समजतात शेततळं आहे.
मी हौद म्हणतो.
पोहण्याचा तलाव म्हणायला जीभ अडते,
पोहता येतं कुणाला आमच्यात?
कुमुदचे दोन्ही गुडघे बदललेत.
डॉक्टर म्हणाले, पाण्यात चालवा त्यांना.
रामकुंडात बुडी मारता येते, चालता येत नाही.
म्हणून फंडातले साडेअकरा लाख,
पंचवीस बाय दहा,
आणि खैरनार,
जो नारळ फोडताना म्हणाला होता,
'काका, पैशाचं काय, होईल मागेपुढे.'

अडीच फुटांवर कातळ लागला.
करारात कातळ नव्हता.

आता एकोणीस दिवस काम बंद.
निळ्या फरशीची खोकी ताडपत्रीखाली.
ताडपत्री त्याची, फरशी माझी,
म्हणून कुणीच उघडत नाही.
मी म्हणतो, हौद गळतो, दोन लाख दहा हजार थांबवलेत.
तो म्हणतो, गळत नाही, वाफ होते.
फोनवर आम्ही दोघंही
'बघा, तुम्ही मोठे आहात' असं म्हणत
एकमेकांना लहान करतो.

लहानू भोये आला, सुरगाण्याहून, एसटीनं.
गिलावा त्याच्या हातचा. तीन आठवड्यांची मजुरी
खैरनारकडे, म्हणजे माझ्याकडे,
म्हणजे कुठेच नाही.
पैसे मागितले नाहीत त्यानं आल्याआल्या.
म्हणाला, पायरीवर बादली ठेवा.
हौदाचंच पाणी भरा, दोन्हीकडे रेघ मारा.
ऊन दोघांना सारखंच.

मी खैरनारला बोलावलं.
रात्रभर दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर
आम्ही पाण्याची राखण केली,
एकमेकांवर नजर ठेवून, की कुणी पेला ओतू नये.
पहाटे त्याला डुलकी लागली तेव्हा
त्याच्या चपलेचा अंगठा तारेनं बांधलेला दिसला.
मी दुसरीकडे बघितलं.

दुसऱ्या संध्याकाळी
बादली सात मिलिमीटर उतरली, हौद अकरा.
खैरनार म्हणाला, 'वारा आहे, काका, धरणाकडून येतो.'
'बादलीला काय पोलिसबंदोबस्त आहे?'
कुमुद म्हणाली,
आणि आत जाऊन कॅलेंडर घेऊन आली.
दुधाच्या टिपणांशेजारी बारीक उभ्या रेघा,
ब्रेकर सुरू झाला की एक, दर तासाला एक.
'डोकं उठायचं, म्हणून मोजत बसायचे.'
एकतीस.
तिला कुणी विचारलंच नव्हतं.

अडतीसही नाही, सव्वीसही नाही.
आम्ही दोघंही थोडे खोटे निघालो,
पण त्याचं खोटं जरा जास्त होतं,
एवढं मी आजही म्हणेन.

लहानूच्या हातात मी पैसे मोजून ठेवले,
अंगठा ओला करून, दोनदा,
चौदा हजार चारशे.
खैरनार म्हणाला, 'हे माझ्या बिलातून कापू नका.'
म्हटलं, कापणार.
'मग गळती मी नाही काढणार.'
मग गळू दे.

तेवढ्यात कुमुद उतरली.
फरशी नाही, कठडा नाही, खरखरीत सिमेंटच्या पायऱ्या,
लहानूच्या खांद्याला धरून,
साडी गुडघ्याभोवती फुगलेली.
कमरेपर्यंत गेली आणि चालू लागली,
इकडून तिकडे,
कुणालाही न विचारता.

आम्ही दोघं काठावर ओणवे झालो, टॉर्च घेऊन.
तिच्या उतरण्यानं पाणी
रेघेकडे किती सरकलं,
यावर अजून आमचं एकमत नाही.